घशाशी येतं

आमच्या पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सागाचे दोन ठोकळे आहेत. आधी विटा होत्या. एका रात्री विटेवरून पाय घसरला आणि पलंग दणकन खाली आला, तेव्हा सुताराकडे जाऊन सहा-सहा इंचांचे ठोकळे करून घेतले, पाय नीट बसावा म्हणून मधे खोबण पाडून. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. उशांनी मान तेवढी वर होते, पोट दुमडतं आणि आंबट पाणी उलट जास्तच वर येतं. अख्खा पलंगच उतरता हवा. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

ही रात्री दोन-अडीचला उठते. आधी अंथरुणातच बसते, छातीच्या मधोमध तळहात दाबून धरते आणि म्हणते, "घशाशी येतंय." कधी घशाशी काहीच आलेलं नसतं. नुसती कळ असते, पाठीत डावीकडे, खांद्याच्या फऱ्याखाली. ती का येते हे अकरा वर्षांतली पहिली आठ वर्षं कुणी ठामपणे सांगितलं नाही. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी दोनदा झाली. रिपोर्टांची पिशवी कपाटात वेगळ्या खणात ठेवली आहे.

मी वाईला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. काही अडलं की पुस्तकात शोधायचं, ही जन्माची सवय. हिच्या दुखण्याचंही तेच केलं. इलाज डॉक्टरांनी करायचा. मला पाहायचं होतं ते वेगळंच. हे दुखणं पूर्वी लोक काय म्हणून ओळखत होते, आणि दुखणाऱ्या माणसाशेजारी रात्री कोण बसत होतं?

आपल्या भाषेला हा आजार फार जुना ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या अ‍ॅशर विंकेलस्टाइन या डॉक्टरांनी जठरातला रस वर चढून अन्ननलिका सोलवटते हे वेगळा आजार म्हणून १९३५ साली मांडलं. आपल्याकडची बाई त्याच्या कितीतरी आधीपासून "घशाशी येतं" म्हणत होती. दोन शब्दांत सगळी क्रिया आली. करपट ढेकर वेगळी, आंबट ढेकर वेगळी. पित्त होणं वेगळं आणि अंगावर पित्त उठणं वेगळं. त्याला आमसुलाचा कोळ लावायचा. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय आहे. चरकसंहितेत तसा नाही. अन्न न पचणं, गळून जाणं, मळमळ, कडू-आंबट ढेकर, छाती आणि घसा जळणं, तोंडाची चव जाणं, अशी लक्षणं माधव देतो आणि वर जाणारं ते ऊर्ध्वग, खाली जाणारं ते अधोग असे दोन प्रकार करतो. हे वाचताना मी हिच्या दुखण्याची नोंदवही उघडून शेजारी ठेवली होती. तिच्या तोंडचे शब्द आणि त्याच्या लक्षणांची यादी जवळजवळ एकच निघाली.

पण याच भाषेने एक अन्यायही केला आहे. आपण रागाला पित्त खवळणं म्हणतो. पित्त प्रकृतीचा माणूस म्हणजे तापट, हे आपण गृहीतच धरतो. त्यामुळे जिला पित्ताचा त्रास तिच्या दुखण्याकडे पाहण्याआधी लोक तिच्या स्वभावाकडे पाहतात. "फार मनाला लावून घेते, म्हणून होतं," हे वाक्य मी आईबद्दल ऐकलं आणि पुढे बायकोबद्दलही ऐकलं. बोलणारी माणसं वेगळी होती, वाक्य तेच.

नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली काश्यपसंहिता छापली गेली. मूळ ग्रंथ बालरोगांचा, पण त्याच्या खिलस्थानात अम्लपित्ताचं प्रकरण आहे. तिथे म्हटलंय की हा रोग बहुधा आनूप देशात, म्हणजे पाणथळ दमट मुलखात होतो. औषधांनी उतार पडला नाही तर रोग्याने दुसऱ्या देशी जावं. मला हे वाचून नवल वाटलं, कारण ही दापोलीकडची. कोकणातून घाटावर आली आणि इथे तिला त्रास सुरू झाला. सासूबाई म्हणायच्या, "घाटावरचं पाणी बाधलं हिला." मग ती महिनाभर माहेरी जायची आणि खरोखरच बरी होऊन यायची. हवापालटाचा गुण असं मी समजत होतो. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की माहेरी तिला वेळेवर जेवायला मिळत होतं.

आमच्या घरात पंगती असायच्या. आधी पुरुष, मग मुलं, मग पाहुणे, शेवटी बायका. सकाळचा चहा रिकाम्या पोटी, आणि जेवण दुपारी अडीचला. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वर पुन्हा चहा. रात्री सगळ्यांचं आवरून ताटावर बसायला दहा वाजायचे आणि जेवणानंतर अर्ध्या तासात अंथरूण. छातीत जळजळ होणाऱ्या माणसाने काय करू नये याची आजचा डॉक्टर जी यादी देतो, ती आमच्या घरातल्या बायकांची दिनचर्या होती. मी स्वतः चाळीस वर्षं पहिल्या पंगतीत जेवलो.

माझ्या आईचंही असंच होतं. पित्ताने डोकं चढलं की ती मागच्या मोरीपाशी जाऊन कोमट मिठाचं पाणी प्यायची आणि घशात बोटं घालून पित्त काढायची. मग तोंड धुऊन पुन्हा चुलीपुढे. वैद्यांनी दिलेली सूतशेखराची मात्रा ती सहाणेवर उगाळून मोरावळ्याच्या पाकातून चाटायची. सूतशेखर योगरत्नाकरातलं, तिथल्या अम्लपित्ताच्या प्रकरणातलं. पारा-गंधक, टाकणखार, बचनाग, धोत्र्याचं बी, शंखभस्म, सुंठ-मिरी-पिंपळी असं पुष्कळ काही माक्याच्या रसात घोटून ते करतात. ते जाणत्या वैद्यावाचून कुणी घेऊ नये. पण रचना पाहिली की करणाऱ्याच्या डोळसपणाची खात्री पटते. शंखभस्म चुन्याच्या जातीचं, आम्ल मारणारं. धोत्रा पोटातली मुरड सैल करणारा. युरोपातले डॉक्टर जठराच्या व्रणाला पुढे कितीतरी वर्षं धोत्र्याच्याच कुळातलं बेलाडोना देत होते.

ती सहाण माझ्याकडे आहे. मधे बोटभर खोलगट झाली आहे. वडील वाईट माणूस नव्हते, पण आई मोरीपाशी वाकलेली असताना ते ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले मला आठवतात. "तिची प्रकृतीच पित्ताची," ते म्हणायचे. तिच्या दुखण्याची नोंद त्या सहाणेखेरीज कुठेही नाही.

अशाच दुखण्याची नोंद दुसऱ्या एका घराने मात्र फार काळजीने ठेवली. ते घर इंग्लंडात, लंडनपासून सोळा मैलांवर, केंट परगण्यातल्या डाउन गावी. चार्ल्स डार्विन आणि एमा १८३९ साली लग्न करून १८४२ मध्ये तिथे राहायला आले. डार्विनला आयुष्यभर पोटाचा विकार होता. जेवणानंतर दोन-तीन तासांनी पोट फुगायचं, ओकाऱ्या व्हायच्या, छाती धडधडायची, हातपाय कापायचे. पाहुण्याशी अर्धा तास जास्त बोलणं झालं तरी रात्र वाईट जायची. नाणावलेले डॉक्टर झाले, कुणाला कारण सापडलं नाही.

१८४९ च्या मार्चमध्ये एमाने सहा मुलं आणि नोकरचाकर घेऊन सगळं बिऱ्हाड माल्व्हर्नला हलवलं. तिथे डॉक्टर गली पाण्याचे उपचार करत. पहाटे उठवून थंड पाण्याने अंग खसखसून पुसायचं, पोटावर दिवसभर ओली पट्टी, साखर, लोणी, मसाले बंद. साडेतीन महिन्यांहून जास्त ते तिथे राहिले. परत आल्यावर डार्विनने आरोग्याची रोजनिशी धरली. दिवस कसा, रात्र कशी, पोट किती वेळा बिघडलं, आणि चांगल्या दिवसाला दुहेरी रेघेची खूण. १ जुलै १८४९ पासून जानेवारी १८५५ पर्यंत साडेपाच वर्षं ती चालली. १८६४ साली डॉक्टर जेनरने त्याला खडू आणि मॅग्नेशिया भरपूर प्रमाणात घ्यायला लावलं आणि त्याने काही काळ बरं वाटलं. खडू आणि शंख मुळात एकाच पदार्थाचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. डाउनमधली ती पूड आणि माझ्या आईच्या सहाणेवरची मात्रा यांचं एवढं नातं मला फार जवळचं वाटतं.

पण मी वाचत होतो ते एमासाठी. त्यांचा मुलगा फ्रान्सिस याने १८८७ साली वडिलांचं चरित्र आणि पत्रं तीन खंडांत छापली. त्यात तो लिहितो की वडिलांनी किती सोसलं ते आईवाचून कुणालाच पूर्ण माहीत नव्हतं, आणि शेवटच्या वर्षांत तिने त्यांना एका रात्रीसाठीही एकटं सोडलं नाही. तिने काय केलं? पाहुणा किती वेळ बसेल ते ठरवलं. दुपारी तो सोफ्यावर आडवा झाला की कादंबरी मोठ्याने वाचून दाखवली. पियानो वाजवला. तिच्या छोट्या छोट्या डायऱ्यांत घरातल्या प्रत्येकाची दुखणीखुपणी टिपली. रात्रीच्या जेवणानंतर रोज बॅकगॅमनचे दोन डाव. डार्विन त्याचाही हिशोब ठेवायचा. १८७६ साली अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला त्याने कळवलं होतं की एमाने २,४९० डाव जिंकले आणि आपण २,७९५.

हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. पाच हजारांहून जास्त डाव. त्यातले कितीतरी पोटात कळ असताना झाले असतील.

या सगळ्यात एमाचं स्वतःचं शरीर होतं. सतरा वर्षांत दहा बाळंतपणं झाली, तीन मुलं गेली. १८५१ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची अ‍ॅनी माल्व्हर्नलाच शेवटच्या आजारात होती आणि एमा दिवस भरत आलेले म्हणून डाउनहून हलू शकत नव्हती. तेव्हा मुलीच्या उशाशी डार्विन बसला. तिला केव्हा उलटी झाली, केव्हा तिने चमचाभर लापशी घेतली, ते सगळं तो पत्रातून एमाला कळवत राहिला. जन्मभर ज्याची सेवा झाली तो माणूस तेवढे दिवस सेवा करणारा झाला. २३ एप्रिलला अ‍ॅनी गेली.

डार्विनच्या मृत्यूनंतर त्याच्या दुखण्याला पुष्कळांनी नावं दिली. कुणी म्हणालं, धर्माविरुद्ध सिद्धांत मांडल्याच्या धास्तीने पोट बिघडलं. १९५९ मध्ये सॉल अ‍ॅडलर यांनी दक्षिण अमेरिकेत चावलेल्या ढेकणासारख्या किड्यामुळे जडलेला चागास रोग सुचवला. पुढे दूध न पचण्याचंही कारण पुढे आलं. निकाल अजून लागलेला नाही. एमाला यातलं एकही नाव मिळालं नव्हतं. नाव नसताना तिने त्रेचाळीस वर्षं संसार केला आणि त्याचं दुखणं खरं आहे की नाही याची चौकशी केली नाही.

मी ती केली. म्हणूनच हे लिहितो आहे.

नऊ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात हिला दाखवलं. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले आणि तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. यांचं मन कशात तरी गुंतवा." परतताना एसटीत खिडकीशी बसली होती, खंबाटकीचा घाट चढेपर्यंत एक शब्द बोलली नाही. वळणावर गाडी मंदावली तेव्हा म्हणाली, "अहो, तुम्हालाही तसंच वाटतं का?" मी नाही म्हणालो. पण म्हणायला वेळ लावला. तेवढ्या वेळात तिने तोंड खिडकीकडे वळवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: वेळ, काय खाल्लं, खाऊन किती तास झाले, कुठे दुखतं, दहापैकी किती, कशाने उतरलं. पहिले काही दिवस ती विचारायची, "कशाला लिहिता?" मग स्वतःच सांगू लागली, "आज पाच लिहा, काल उगाच सात सांगितलं."

जे सापडलं नाही ते मनाचं, ही वैद्यकाची फार जुनी सवय आहे. घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, त्याला युरोपात शतकानुशतकं बायकांच्या गर्भाशयावरून पडलेलं हिस्टेरियाचं नाव चिकटलं होतं. १९६८ साली मॅल्कमसन या डॉक्टरांनी दाखवलं की अशा पुष्कळ रोग्यांच्या अन्ननलिकेतच दोष असतो, आणि हिस्टेरिया हा शब्द काढून टाका म्हणाले. जठराच्या व्रणाचंही तेच. शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या १९५० च्या ग्रंथात तो मनोकायिक आजारांत मोडला होता. पुढे पर्थमध्ये वॉरेन आणि मार्शल यांना जठरात जंतू सापडले. कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी जंतूंचं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तोवर किती जणांना "काळजी करणं सोडा" एवढंच सांगून घरी पाठवलं असेल!

औषधांची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांच्या घरात आहे. शिकागोच्याच सिप्पींनी १९१५ मध्ये तासातासाला दूध आणि साय देण्याचा आहार सांगितला. आपल्याकडेही "थंड दूध घे, शांत वाटेल" हेच होतं. दुधाने घटकाभर गार वाटतं, पण नंतर जठर आम्ल पुन्हा सोडतं आणि सायीच्या स्निग्धतेने जठराच्या तोंडाची झडप सैल पडते. मीच कित्येक रात्री हिला पेलाभर दूध देऊन लगेच झोपवलं आहे. १९७६ मध्ये सिमेटिडीन आलं, १९८८ मध्ये ओमेप्राझोल. आज ज्याला सगळे "रिकाम्या पोटीची गोळी" म्हणतात, ती याच कुळातली. तिने हिची जळजळ निम्म्याहून कमी झाली. कळ तशीच राहिली.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी वही मागून घेतली. पाऊण तास वाचली. मग एक तपासणी सुचवली. नाकातून अन्ननलिकेत अगदी बारीक नळी सोडतात, कमरेला डबी बांधतात आणि चोवीस तास घरीच राहायचं. दुखलं की डबीवरचं बटण दाबायचं. नळी नाकाशी चिकटपट्टीने धरलेली, गिळताना ती दर वेळी डोळे मिटायची. तशाच अवस्थेत तिने पोळ्या लाटल्या, कारण नेहमीसारखं वागा असं सांगितलं होतं. त्या चोवीस तासांत तिने एकोणीस वेळा बटण दाबलं. आम्ल वर येण्याशी त्यातल्या चारच वेळा जुळल्या.

मला धडकी भरली. आता पुन्हा "मनाचं" म्हणणार. डॉक्टर म्हणाले, "एकोणीसही वेळा दुखलेलं खरं आहे. चार वेळा आम्लाने, बाकीच्या वेळी नसांमुळे. यांच्या अन्ननलिकेच्या नसा जास्त जाग्या झाल्यात. दुसऱ्याला कळणारही नाही एवढ्याशा ताणाने यांना कळ येते." गोळी दिली ती मोठ्या मात्रेत नैराश्यावर देतात, इथे अगदी थोडी, नसा निवाव्यात म्हणून. घरी येऊन तिने ती दोन दिवस हातात धरून ठेवली. "ही वेड्याची गोळी आहे का?" मी तिला एकोणीस आणि चार पुन्हा समजावून सांगितले. या वेळी उत्तर द्यायला वेळ लावला नाही.

आता महिन्यातल्या दहा-बारा रात्री धड जातात. आम्ही संध्याकाळी सातला एकत्र जेवतो. ती डाव्या कुशीवर झोपते. उपासाला ताक-भगर चालते हे तिने स्वतःच वहीवरून शोधून काढलं, शेंगदाणे सोडले. चहा मात्र सोडवत नाही, तो आता खाकऱ्याबरोबर.

आणि रात्री उठली की दिवा लावून आम्ही रमीचा डाव मांडतो. डार्विनचा आकडा वाचल्यापासून वहीच्या शेवटच्या पानांवर हिशोब आहे. कालपर्यंत तिचे ६१२, माझे ५४८.

काल पावणेतीनला उठली. मी चष्मा शोधून वही घेतली. "डावीकडे, पाठीत. चार लिहा," ती म्हणाली. लिहिलं. तिने उशी पाठीला लावली, पाय पोटाशी न घेता सरळ सोडले, पत्त्यांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "अहो, पिसा."